अकराशे अंगठ्यांचा अर्ज

१

कुलूप शाबूत होतं. पेटीही शाबूत होती. फक्त आत अर्ज नव्हता.

अमेतेफेनं राजवाड्याच्या ढोलघरातल्या त्या पेटीचे चारही कोपरे चाचपले, मग ती उलटी करून आपटली. एक वाळलेलं झुरळ पडलं. उद्या सकाळी संयुक्त राष्ट्रांचं शिष्टमंडळ फ्रेंचांच्या ताब्यातल्या तोविकोपे गावात येणार होतं, आणि त्यांच्या हाती द्यायचा तो अकराशे अंगठे उठवलेला कागद गायब होता.

"नीट बघ रे बाबा," मागून अफेफा आजी म्हणाली. ती तोग्बींची, म्हणजे गावच्या राजाची, आत्या आणि राजवाड्याची कारभारीण. "तुला हल्ली जवळचं दिसत नाही."

"आजी, हातभर लांबीची गुंडाळी होती. सुई नव्हती."

महिन्यापूर्वी त्याची बायको खोकल्यानं गेली. तिचं माहेर सीमेपलीकडे, इंग्रजांच्या हद्दीत, आणि माणसाला त्याच्या मूळ गावच्या मातीत ठेवायचं हा इथला धर्म. अमेतेफेची मुलगी अकोसिवा आणि गावच्या बायका मढं घेऊन सीमेच्या फाटकावर गेल्या. फ्रेंच शिपायांनी फाटक उघडलं नाही, बायका तिथंच बसून राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी गोळीबार झाला. तिथं जमलेल्यांतले दोघं मेले, अकोसिवासह सतरा जणी कोठडीत गेल्या, आणि बायकोला रस्त्याच्या कडेला पुरावं लागलं. तेव्हापासून बाजार बंद होता. 'बायका सोडा, फाटक उघडा,' एवढंच त्या अर्जात मागितलं होतं. तो पोचला नाही, तर सतरा जणींना उत्तरेच्या तुरुंगात धाडणार होते. तिथून आजवर कुणी परत आलं नव्हतं.

"किल्ल्या दोनच," अमेतेफे म्हणाला. "एक माझ्या कमरेला. तुमची?"

"स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिळ्याला. नेहमीसारखी." आजीचा आवाज उतरला. "पण आतल्या चौकात परका माणूस येतो कुठं?"

अमेतेफे खाली वाकला. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. सकाळी झाडलेल्या जमिनीवर तासाभरात बोट उमटेल इतकी धूळ साचायची. दारापासून पेटीपर्यंत आणि परत, अशी पावलं उमटली होती. अमेतेफे आणि आजी अनवाणी होते. धुळीतली पावलं अनवाणी नव्हती.

"वहाणा घालून?" आजीनं छातीवर हात ठेवला. "ढोलघरात?"

राजवाड्याचा उंबरा ओलांडताना गावातलं शेंबडं पोरसुद्धा वहाणा बाहेर काढतं. इतका बेगुमान माणूस गावात एकच असू शकतो, असं दोघांच्याही मनात एकदमच आलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पण दाराआडून कुणीतरी ऐकत होतं, आणि घटकाभरात बाहेरच्या चौकात आरोळी उठली.

"बूटवाला! अनानीनं चोरला अर्ज! घर पेटवा त्याचं!"

२

अनानी म्हणजे फ्रेंच कमांडंटचा दुभाषी. गाव त्याला गोऱ्यांचा पोपट म्हणे, तेही त्याच्या तोंडावर.

पन्नासेक तरुण जमले होते. पुढे सेलोम. फाटकावर मेलेल्या दोघांतला एक त्याचा भाऊ होता, त्यामुळे त्याला समजावणं सोपं नव्हतं.

"त्सियामी, तुम्ही मधे पडू नका," तो म्हणाला. "आज पोपटाची पिसं काढायची."

त्सियामी म्हणजे राजाचं तोंड. तोग्बी डोग्बे चार लोकांत स्वतः कधी बोलत नसत. ते कुजबुजत, आणि हातातली सोनेरी मुठीची काठी टेकून अमेतेफे ते खणखणीत आवाजात सांगे. बावीस वर्षं गावानं राजाचा आवाज म्हणून अमेतेफेचाच आवाज ऐकला होता. आज त्याच्या तोंडात कुणाची कुजबुज नव्हती, आणि त्याला ते फार जाणवलं.

"काढा की," तो म्हणाला. "फाटकावर चाळीस बंदुका आहेत, त्या कशाची वाट बघतायत? कमांडंटला पाहुण्यांना काय दाखवायचंय? की बघा, ही रानटी माणसं, एकमेकांची घरं जाळतात. तू काडी लाव. तो तुला वरून चहा पाजेल."

कुणीतरी हसलं. सेलोम हसला नाही.

"मग चोराला पूजायचं का?"

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे. पाहुणे चिंचेखाली बसायच्या आत मी चोराचं नाव सांगेन. नाही सांगितलं, तर अनानीच्या आधी माझं घर पेटव."

सेलोमनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "सकाळपर्यंत," तो म्हणाला. पण जमावातले सहा जण अनानीच्या दारासमोर जाऊन बसले, आणि त्यांच्या मांडीवर कोयते होते.

अनानी घरात एकटाच होता. बायकोला त्यानं कालच भावाकडे पाठवलं होतं. त्यानं दार उघडलं तेव्हाही शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली होती.

"या काका. पाणी?"

अमेतेफेनं पाणी घेतलं, चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले, उरलेलं प्यायला.

"सकाळी राजवाड्यावर आला होतास?"

"आलो होतो. तुम्ही काकूंच्या थडग्यावर गेला होतात. कमांडंटचा निरोप होता, तोग्बींसाठी."

"मी नसताना निरोप कुणी घेतला?"

"तोग्बींनीच. बाहेरच्या बाकावर येऊन बसले."

अमेतेफेनं भुवया उंचावल्या. त्सियामीशिवाय तोग्बी बाहेरच्या कुणाशी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. "काय निरोप होता?"

"ते नाही सांगता यायचं."

"बाहेर कोयते आहेत, अनानी."

"दिसतायत." त्यानं कोरडं तोंड पुसलं. "काका, तुमचं नि माझं काम एकच. ऐकलेलं ज्याचं त्याला द्यायचं, मधे सांडायचं नाही. तुम्ही सांडाल?"

कोपऱ्यात अनानीचे बूट होते. अमेतेफेनं एक उलटा केला. टाच दोन बोटं उंच आणि तळाला खिळ्यांच्या तीन ओळी. ढोलघरातलं पाऊल सपाट होतं, रुंद होतं, टाच नव्हतीच. हा माणूस निर्दोष होता, आणि ते सिद्ध करायला हातात दुसरं नाव हवं होतं.

३

दुसरं नाव मनात तयार होतं. मास्तर तेओफिल.

अर्ज फ्रेंचमध्ये लिहिला तो मास्तरनं. लिहिताना छाती पुढे काढून लिहिला, आणि आठवड्यात त्याची पाचावर धारण बसली. शाळेचं अनुदान बंद करू, असा वरून इशारा आला होता. शिवाय मास्तर कापडी बूट घालत असे.

"हो, मला परत हवा होता!" मास्तर खुर्चीतून उठलाच. "सकाळी राजवाड्यावर आलो, की माझी सही तेवढी खोडू द्या. आजीनं दारातून हाकललं. म्हणाली, सही करताना हात कापला नाही, आता कशाला कापतोय."

"मग मागच्या दारानं आलास."

"साठ पोरं होती वर्गात. दुपारपर्यंत पाढे म्हणून घेतले, अख्ख्या गल्लीनं ऐकलेत. विचारा." तो पुन्हा खाली बसला. "खरं सांगू, त्सियामी? मनात आलं होतं चोरावा. धीर झाला नाही. आता लाज वाटतेय, आणि सुटल्यासारखंही वाटतंय. असा माणूस आहे मी."

"मसुदा आहे का?"

"जाळला. झडतीच्या भीतीनं." मास्तरनं मान वर केली. "तुम्हाला तर अख्खा ऐकून पाठ असेल."

"तीनदा आपल्या भाषेत वाचून दाखवलास. मला एकदा पुरतं," अमेतेफे सवयीनं म्हणाला आणि त्याच्या पायांकडे बघत राहिला. कापडी बूट अरुंद होते. ढोलघरातल्या पावलात ते दोन्ही मावले असते.

४

ऊन कलताना तो राजवाड्यावर परतला. वारा थांबत नव्हता. दारं आपोआप आपटत होती, आणि दर वेळी गोळीबार झाल्यासारखी माणसं दचकत होती. उंबऱ्याबाहेर वहाणा काढून तो आतल्या चौकात आला. चुलीवर दोन मोठी मडकी चढली होती. पामफळांच्या आमटीचा वास सुटला होता.

"पाहुण्यांसाठी?" त्यानं विचारलं.

"पाहुणे कुठले आपलं जेवतायत? त्यांच्या गाडीत डबे असतात," आजी म्हणाली. "तोग्बींनीच सांगितलं, उद्या घरच्यांशिवाय सतरा पानं वाढायची. आणि मिरची बेताची घाल म्हणाले, उपाशी पोटाला झोंबते."

अमेतेफेचा हात काठीवर घट्ट झाला. "कधी सांगितलं?"

"सकाळीच. तो पोपट उडाल्यावर." आजी ढवळत राहिली. "मी म्हटलं सतरा कोण? तर बोललेच नाहीत. चुलीपाशी उभे राहिले थोडा वेळ. मी पाण्याला गेले, आले, तर गेलेले."

चुलीशेजारच्या भिंतीवर खिळा होता. खिळ्याला किल्ली होती.

अमेतेफे ढोलघरात गेला, आणि धुळीतल्या पावलांपाशी उकिडवा बसला. रुंद, सपाट, पावलापेक्षा मोठी वहाण. उजव्या पायाचं पाऊल थोडं ओढलेलं. बावीस वर्षं तो राजाशेजारी मान खाली घालून उभा राहत आला होता. राजाच्या तोंडाकडे बघायचं नसतं म्हणून तो काय बघत होता इतकी वर्षं? या वहाणा आणि हा ओढता उजवा पायच तर बघत होता!

आत वहाणा घालून वावरतो तो परका, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. त्यानंही. आणि राजाचा अनवाणी पाय ज्या दिवशी जमिनीला लागेल त्या दिवशी तो राजा राहत नाही, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. राजवाड्यात वहाणा घालून फिरणारा माणूस रोज सगळ्यांच्या समोर होता. पण नियम माणसांना असतो, आणि राजाला कुणी माणसांत मोजलंच नव्हतं.

त्याला फार राग आला. मग रडू आलं. दोन्ही गिळून तो उठला.

५

तोग्बी डोग्बे आतल्या ओसरीवर बसले होते. समोर चघळायची कोलाची फळं तशीच पडलेली.

"आलास," ते म्हणाले. "मला वाटलं, दुपारीच येशील."

"दुपारी बूट शोधत होतो, तोग्बी."

तोग्बी स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. लहानपणी दोघं खाडीच्या चिखलात खेकडे पकडायचे. तेव्हा तोग्बींचं नाव कोमला होतं, आणि कोमलाला खेकडा चावला की तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"कमांडंटला वरून तार आली," तोग्बी हळूच म्हणाले. "जगाचे पाहुणे येतायत, गडबड दिसता कामा नये. म्हणून त्यानं अनानीला पाठवलं. कागद पाहुण्यांच्या हाती पडला नाही, तर सकाळी सतरा जणी घरी. पडला, तर दुपारी उत्तरेला. कागद त्यालाच हवा होता. मी नाही दिला. अकराशे अंगठे त्याच्या हातात द्यायला मी काय वेडा आहे? चुलीत घातला. खूण म्हणून एक कोपरा तेवढा फाडून अनानीला दिला."

"म्हणजे अनानीला माहीत आहे."

"सगळं."

आणि तो दारात कोयते बसलेले असताना गुंडी लावून गप्प होता. अमेतेफेला त्याच्या घरचं पाणी आठवलं.

"मला विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं होतं? मुलगी हवी की कागद? तू काहीही म्हणाला असतास तरी जन्मभर जळत राहिला असतास. म्हटलं, मी जळतो."

अमेतेफेला मुलगी हवी होती. त्याला ती इतकी हवी होती की राजाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि फाटक मात्र तसंच बंद राहणार होतं.

"मी सेलोमला सकाळी चोराचं नाव देणार आहे," तो शेवटी म्हणाला. "नाही दिलं, तर अनानी मरतो."

"मग दे."

"राजाचं तोंड राजाचं नाव कसं घेणार?"

तोग्बींनी कोलाचं एक फळ उचललं आणि परत ठेवलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

६

कमांडंटनं शब्द पाळला. सकाळी मालमोटारीतून सतरा जणी उतरल्या. डोकी भादरलेली, घोटे सुजलेले. बाजारपेठेत रडणं आणि ढोल एकदमच सुरू झाले. अकोसिवा बापापाशी आली. त्यानं तिला जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली.

"बाबा," तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आईला पलीकडे नेलं?"

पुरण्याआधी त्यानं बायकोचे केस आणि नखं काढून एका पांढऱ्या फडक्यात बांधली होती. मढं नेता येत नाही तेव्हा तेवढं तरी नेतात. ती पुरचुंडी महिनाभर त्याच्या कमरेला होती, किल्लीच्या शेजारी. अकोसिवाला पुरचुंडी दिसली, आणि तिनं तोंड फिरवलं.

चिंचेखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पाच पाहुणे, मधोमध जाड चष्म्याचा प्रमुख, बाजूला इस्त्रीच्या कपड्यांतला कमांडंट बोनार. तोग्बी छत्रीखाली आसनावर बसले. अनानी मधे उभा राहिला. त्याच्या मागे दहा पावलांवर सेलोम, आणि सेलोमचा एक हात कापडाखाली.

प्रमुखानं विचारलं, गावाला काही सांगायचं आहे का. अनानीनं ते तोग्बींना सांगितलं. तोग्बी अमेतेफेच्या कानाशी कुजबुजले, "सांग, सगळं ठीक आहे. पाणी घ्या."

अमेतेफेनं काठी टेकली. मुलीच्या भादरलेल्या डोक्याकडे एकदा पाहिलं.

"तोग्बी म्हणतात," तो म्हणाला.

त्याचा आवाज पहिल्याच शब्दाला चिरकला. त्यानं घसा साफ केला.

"तोग्बी म्हणतात, आम्ही तोविकोपेचे अकराशे लोक आपला अंगठा उठवून सांगतो, की आमच्या गावाच्या मधून एक फाटक गेलं आहे. इकडे आमची घरं आहेत आणि तिकडे आमची थडगी आहेत..."

पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, मास्तरनं वाचला होता तसा. मढं किती वाजता फाटकावर पोचलं. तीन दिवस बायका काय गात होत्या. मेलेल्या दोघांची नावं. सतरा जणींची नावं, आणि ती घेताना तो एकेकीकडे काठी दाखवत होता. मागे मास्तर तेओफिल ओठ हलवत होता, आणि एका वाक्याला उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "हे मी लिहिलंय!"

पण गाव ऐकत होतं ते अनानीला. पहिल्या वाक्यानंतर कमांडंटनं त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की मुद्दाम चुकीचं सांगितलंस तर तुझं भलं होईल. अनानीनं गळ्याची गुंडी चाचपली आणि फ्रेंचमध्ये बोलू लागला. मास्तर कान टवकारून ऐकत होता. "शब्द न् शब्द देतोय," तो पुटपुटला. ते सेलोमपर्यंत गेलं. कापडाखालचा हात रिकामा बाहेर आला.

प्रमुख भराभरा लिहून घेत होता. सतरा नावंही त्यानं पुन्हा विचारून लिहिली.

कमांडंट उठला. त्याला थोडी इथली भाषा येत होती, आणि ती तो रागातच वापरत असे. "हा म्हातारा स्वतःचं बोलतोय! राजाला विचारा. राजा, हे तुझे शब्द आहेत?"

हो म्हटलं तर राजानं शब्द मोडला, आणि सतरा जणी पुन्हा मालमोटारीत. नाही म्हटलं तर त्सियामी लबाड आणि अर्ज खोटा. अमेतेफे खाली बघत होता, नेहमीसारखा.

म्हणून ते सगळ्यात आधी त्यालाच दिसलं. उजवा पाय वहाणेतून सरकला. मग डावा. आणि दोन्ही पाय, पांढरट, मऊ, बावीस वर्षांत जमिनीला न लागलेले, धुळीत टेकले.

आजी किंचाळली. मग सगळं गाव "आऽऽ" म्हणून मागे सरलं. पाहुणे इकडेतिकडे बघू लागले. त्यांना काही झालेलं दिसतच नव्हतं.

"तोग्बीनं तुला शब्द दिला होता," आसनावरून उठलेला माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला. आवाज घोगरा होता आणि गावानं तो बावीस वर्षांत ऐकला नव्हता. "तोग्बी आता इथं नाही. मी कोमला. ढोलघरातून कागद मी चोरला, मी जाळला. चोर शोधत असाल तर मी आहे. आणि हे शब्द माझे आहेत. सगळे. अनानी, सांग त्यांना."

अनानीनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज एकदाच अडकला.

प्रमुखानं चष्मा काढला, पुसला, आणि कमांडंटला फार सौम्यपणे विचारलं की ते फाटक इथून किती लांब आहे, आणि आपल्याला ते आत्ता बघता येईल का. कमांडंटच्या तोंडचं पाणी पळालं. पाच परक्या देशांच्या डोळ्यांदेखत नाही म्हणायची सोय नव्हती.

दुपारी फाटक उघडलं. एका पुरचुंडीपुरतं, एका तासासाठी, असं कमांडंटनं तीनदा बजावलं. अकोसिवा पुढे होती, दोन्ही हातांत आई घेऊन. मागे सोळा जणी, त्यांच्या मागे गाव.

अमेतेफेच्या हातात काठी होती आणि आता ती कुणासाठी धरायची, हे त्याला कळत नव्हतं. शेजारून कोमला लंगडत चालला होता. वाळू तापलेली होती. अमेतेफेनं खाली पाहिलं आणि स्वतःच्या वहाणा काढून पुढे केल्या.

"घाल. पोळतंय तुला."

"पोळू दे," कोमला म्हणाला. फाटकाचा आडवा बांबू ओलांडताना त्याच्या पायात काटा गेला, आणि तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला.